न पाझरणारा माठ

घाम हा शब्द मराठीने मोठ्या मानाने वागवला आहे. कष्टाच्या मिळकतीला आपण घामाचा पैसा म्हणतो, श्रम करणे म्हणजे घाम गाळणे, आणि कपाळाला घाम न येता मिळालेल्या भाकरीकडे आपण किंचित संशयानेच पाहतो. तथापि घाम ही केवळ श्रमाची खूण नव्हे. ते शरीराचे एक जीवरक्षक कार्य आहे, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. येण्याचे कारणही पडत नाही, कारण ते कार्य न सांगता, न मागता चालू असते. ज्या घरात घाम न येणारे मूल जन्माला येते, त्या घराला मात्र हा विचार चैत्र-वैशाखात दिवसाच्या प्रत्येक तासाला करावा लागतो. अशा मुलांविषयी आणि त्यांना वाढविणाऱ्या घरांविषयी चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात फार दिवस होते.

विषय थोडा शास्त्राचा आहे, पण त्याचे मर्म आपल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच ठेवलेले आहे. मातीच्या माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजली म्हणजे पाणी पूर्वीसारखे गार होत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चिनी मातीच्या बरणीला वरून काचेसारखा लेप असतो. ती पाझरत नाही, म्हणून तिच्यातले पाणी गार होत नाही. मनुष्याचे शरीर हे असेच पाझरणारे भांडे आहे. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. एक लिटर घामाची वाफ झाली, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. आपल्या वडोदऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर चढतो, म्हणजे बाहेरची हवाच अंगापेक्षा अधिक तापलेली असते. अशा वेळी उष्णता बाहेर टाकण्यास शरीराजवळ घामावाचून दुसरा मार्ग उरत नाही. काही मुले मात्र जन्मतःच बरणीसारखी असतात. त्यांच्या कातडीत घर्मग्रंथी अगदी थोड्या असतात, किंवा मुळीच नसतात.

वैद्यकशास्त्रात या विकाराला हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया असे लांबलचक नाव आहे. अर्थ सोपा आहे. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या शरीराचे जे थर असतात, त्यांतील सर्वांत बाहेरच्या थरापासून कातडी, केस, दात, नखे आणि घर्मग्रंथी घडतात. त्या थराची घडण अपुरी राहिली की या साऱ्याच गोष्टींत उणेपणा येतो. म्हणून या मुलांचे केस विरळ व बारीक असतात. दात मोजकेच येतात आणि जे येतात ते सुळ्यासारखे टोकदार असतात. कातडी पातळ व कोरडी राहते, तिला खाज व चट्टे यांचा त्रास होतो. डोळे कोरडे पडतात, नाकात खपल्या धरतात. डोळ्यांभोवतीची कातडी काळसर व सुरकुतलेली असल्यामुळे चेहरा वयाहून प्रौढ दिसतो. बुद्धीला मात्र कोठेही उणेपणा नसतो. लहानपणीची कठीण वर्षे सांभाळली गेली, तर आयुष्यही सर्वसाधारणपणे इतरांइतकेच लाभते. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो, कारण चेहरा पाहून लोक जो निष्कर्ष काढतात तो नेमका याच्या उलट असतो.

हा विकार दुर्मिळ असला, तरी नवा नाही, आणि आपल्या मुलखाला परका तर मुळीच नाही. १८४८ साली इंग्लंडमधील डॉक्टर थर्नम यांनी दोन मावस-मामे नात्यातल्या भावांचे वर्णन केले. कातडी, केस व दात या तिन्हींची घडण त्यांच्यात अपुरी होती. त्यानंतरची महत्त्वाची नोंद चार्ल्स डार्विन यांची आहे, आणि ती आहे सिंध प्रांतातील एका हिंदू कुटुंबाची. पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पती यांत होणाऱ्या बदलांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत डार्विन यांनी वेडरबर्न नावाच्या गृहस्थांकडून कळलेली ही हकीकत दिली आहे. त्या कुटुंबातील चार पिढ्यांत मिळून दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून समोरचे चार लहान, दुबळे दात आणि मागच्या आठ दाढा एवढेच होते; अंगावर केस फार थोडे, टक्कल लवकर पडलेले; आणि उन्हाळ्यात कातडीच्या कोरडेपणाने त्यांचे फार हाल होत. पुढे १९२१ साली थदानी या अभ्यासकांनी सिंधमधील अशाच दंतहीन पुरुषांविषयी लेख प्रसिद्ध केला. १९२९ साली वीच या अमेरिकन डॉक्टरांनी या विकाराला आज रूढ असलेले नाव दिले. पहिल्या नोंदींपैकी एक सिंधची असली, तरी हा विकार कोणत्याही एका जातीचा वा प्रांताचा नाही. तो जगात सर्वत्र आणि सर्व समाजांत आढळतो.

डार्विन यांच्या हकिकतीत एक गोष्ट फार लक्षणीय आहे. त्या कुटुंबातील मुलींना हा विकार कधी झाला नाही, पण त्या मुलींच्या पोटी आलेल्या मुलग्यांत तो उतरला. आणि बापाकडून मुलाकडे तो कधीही गेला नाही. याचे कोडे त्या काळी सुटण्यासारखे नव्हते. आज ते सुटले आहे. या विकाराच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात दोष असतो तो एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात. हे जनुक १९९६ साली सापडले. गर्भाच्या बाहेरच्या थराला ‘येथे केस घडव, येथे दात घडव, येथे घर्मग्रंथी घडव’ असा निरोप देणारे प्रथिन या जनुकाच्या आज्ञेने तयार होते. स्त्रीजवळ एक्स गुणसूत्रे दोन असतात. एकावर दोष असला तरी दुसरे बरेचसे काम निभावून नेते. पुरुषाजवळ ते एकच असते, आणि तेही आईकडून आलेले. म्हणून दोष वाहणाऱ्या आईच्या प्रत्येक मुलाला विकार होण्याची, आणि प्रत्येक मुलीने तो दोष पुढे वाहण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. विकार असलेल्या पुरुषाच्या मुलग्यांत मात्र तो जात नाही. मुली सर्वच वाहक होतात. नातू आजोबांच्या वळणावर गेला, असे आपण कौतुकाने म्हणतो. हा वारसा पुष्कळदा असा आजोळच्या वाटेने येतो. कधी कधी कुटुंबात पूर्वी कोणालाही नसताना तो एखाद्या मुलात प्रथमच उद्भवतो. याखेरीज या विकाराचे काही विरळ प्रकार असे आहेत, की त्यांत आई आणि वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो. आपल्यातील काही समाजांत आते-मामे भावंडांचे विवाह होतात. तेथे अशा प्रकारांची शक्यता वाढते.

हे गणित येथे मांडण्याचे कारण विज्ञानाची हौस हे नव्हे. घरोघरी या गणिताऐवजी दुसराच हिशेब मांडला जातो, हे आम्ही पाहिले आहे. ग्रहणात सुनेने विळी हातात घेतली होती काय, डोहाळे कोणते लागले होते, कोणाची दृष्ट लागली, माहेरच्या कुळात काय होते, असे प्रश्न सुरू होतात आणि ते सर्व एकाच व्यक्तीच्या दाराशी येऊन थांबतात. दोष वाहणाऱ्या काही स्त्रियांना अंगावरचे दूधही कमी असते. त्याचाही ठपका तिच्यावरच येतो. आईने काही केले म्हणून हे झाले नाही. तिने काही न केल्यामुळेही झाले नाही. जनुक हे कोणाच्या पुण्याईने वा पापाने वाटले जात नाही. आईच्या अंगावर काही दात कमी असणे, पाठीवर घाम पट्ट्यापट्ट्यांनी येणे, अशा सौम्य खुणा पुष्कळदा सापडतात. आयोडिन लावून वर पिष्ट भुरभुरले, तर जेथे घाम येतो तेथेच रंग गडद होतो, आणि पाठीवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे पट्टे उमटतात. या खुणा निदानाला उपयोगी पडतात. त्यांना आरोपपत्र समजू नये.

खरी कसोटी पहिल्या दोन-तीन वर्षांची. तान्हे मूल आपल्याला उकडते आहे हे सांगू शकत नाही. केस विरळ आहेत म्हणून टोपडे घालावे, बाळ आहे म्हणून दुपट्यात गुंडाळावे, ही आपली मायेची रीत. नेमकी तीच येथे घातक ठरते. अंग तापते, ताप समजून औषध दिले जाते, ताप उतरत नाही, तपासण्या होतात, त्यांत काही निघत नाही, आणि पुन्हा दोन दिवसांनी तेच. येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. जंतूंमुळे येणाऱ्या तापात शरीर स्वतःच आपली उष्णता वाढविते, आणि तापावरची नेहमीची औषधे ती वाढलेली पातळी खाली आणतात. येथे मात्र भांडे नुसते तापलेले असते. त्याला औषध नको, गारवा हवा. अंग कोमट-गार पाण्याने पुसणे, ओला सुती कपडा अंगावर ठेवणे, वारा घालणे, सावलीत वा गार खोलीत नेणे, हाच उपाय. अर्थात याही मुलांना खरा संसर्ग होतोच, उलट श्वसनमार्गाचे विकार थोडे अधिकच होतात. म्हणून गारवा देऊनही ताप राहिला किंवा मूल मलूल दिसले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. उन्हाळ्यातच वारंवार ताप येणारे, वर्ष-दीड वर्षाचे होऊनही दात न दिसणारे आणि विरळ केसांचे मूल पाहिले, की हा विकार मनात आणावा. जबड्याचे क्ष-किरण चित्र घेतले तर दातांचे अंकुरच नाहीत हे कळते, आणि रक्ताच्या जनुकीय तपासणीने निदान पक्के होते.

आमचा या विकाराशी परिचय झाला तो शाळेमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पहिल्या इयत्तेत असा एक मुलगा दाखल झाला. निदान होण्यापूर्वी त्याच्या मातापित्यांनी दोन उन्हाळे दवाखान्यांच्या पायऱ्या झिजविल्या होत्या. त्याची आई प्रवेशासाठी आली ती एका हातात जन्माचा दाखला आणि दुसऱ्या हातात ओला पंचा घेऊन. “सर, ह्याला वेगळे काही शिकवू नका. फक्त पाण्याला अडवू नका,” एवढेच ती माउली म्हणाली. आमच्या तीस वर्षांहून अधिक नोकरीत पालकांनी केलेल्या मागण्यांत इतकी लहान मागणी आम्ही क्वचितच ऐकली असेल.

मागणी लहान असली, तरी शाळेची घडी ही लहान मागण्यांनीच विस्कटते. वर्गातून उठताना विचारले पाहिजे, हा नियम. हा मुलगा न विचारता नळावर जाणार. गणवेश कोरडा व नीटनेटका पाहिजे, हा नियम. याचा सदरा दर तासाला ओला होणार. आमच्या एका सहकारी शिक्षकांनी रास्त शंका काढली, की एकाला सवलत दिली तर चाळीस मुले नळावर जातील. एका पालकांनी हे सांसर्गिक तर नाही ना, असे येऊन विचारले. आणि मुलांनी, जी या जगातली सर्वांत स्पष्टवक्ती माणसे, पहिल्याच आठवड्यात त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. विरळ केस, मोजके दात, डोळ्यांखाली सुरकुत्या. मुलांची उपमा दुर्दैवाने चपखल होती.

उपदेशाने हे सुटले नसते. एप्रिल महिन्यात आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात तीन भांडी मांडली. एक मातीचे मडके, एक चिनी मातीची बरणी, आणि तशीच दुसरी बरणी, पण भोवती ओले फडके गुंडाळलेली. तिन्हींत एकाच हंड्यातले पाणी भरले. फडके वाळले की ते पुन्हा ओले करण्याचे काम मुलांना दिले. मधल्या सुट्टीनंतर मुलांनी स्वतः तापमापक घालून पाहिला. मडक्यातले पाणी उघड्या बरणीतल्या पाण्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गार भरले, आणि फडके गुंडाळलेल्या बरणीने मडक्याला जवळजवळ गाठले. बाईंनी वहीत आकडे लिहून घेतले आणि इतकेच सांगितले, की आपल्या वर्गात एकोणचाळीस मडकी आहेत आणि एक बरणी. पुढचे मुलांनीच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पंच्याची पाळी कोणाची यावर वर्गात भांडण झाले. चाळीस मुले नळावर गेली नाहीत; दोघे जात, तो आणि त्या दिवशीचा पाळीवाला. ‘आजोबा’ हे नाव पुरते गेले नाही, पण त्यातले विष गेले.

व्यवस्था म्हणून आम्ही जे केले ते सांगण्यासारखे आहे, कारण त्याला खर्च जवळजवळ आला नाही. त्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवला. पत्र्याखालच्या आणि पश्चिमेच्या भिंतीच्या खोल्या टाळल्या. दोन बाटल्या, एक पिण्याची आणि एक डोक्यावर ओतण्याची. सुती गंजी ओली करून सदऱ्याच्या आत. प्रार्थनेला लिंबाच्या सावलीतली जागा. खो-खोत त्याला पाच मिनिटे धावण्यास आणि मग गुण मांडण्यास बसविले. मध्यान्ह भोजनात चण्याची उसळ असली, की ती डावाने ठेचून वाढावी असे वाढणाऱ्या मावशींना सांगून ठेवले. ऋतूंचा एक भेद मात्र अनुभवाने कळला. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात ओली गंजी चमत्कार करते. कारण पाण्याची वाफ भराभर होते. पावसाळ्यातल्या दमट, कोंदट दिवसांत तेच फडके ओलेच राहते आणि गारवा देत नाही. त्या दिवसांत वारा, गार पाणी आणि विश्रांती यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणजे पारा खाली असूनही धोका अधिक, असे श्रावणातले काही दिवस असतात.

असाच एक दिवस पंधरा ऑगस्टचा होता. मुलगा तेव्हा पाचवीत होता आणि त्याला संचलनात भाग घ्यायचा होता. आजी नको म्हणत होती, वडील गप्प होते, आणि आम्हांसही नकार देणे सोपे वाटत होते. कारण काही अघटित घडले असते, तर उत्तर आम्हांसच द्यावे लागले असते. निर्णय शेवटी आईने दिला. “सांभाळून घरात ठेवले तर जगेल, सर, पण मग जगून करायचे काय, ते त्याला कोण शिकवणार?” असे ती म्हणाली. त्याच्या तुकडीचे संचलन आम्ही सर्वांत आधी ठेवले, वेळ दहा मिनिटांवर आणली, आणि मैदानाच्या टोकाला पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. मुलगा चालला. परत आला तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता आणि श्वास जोरात चालला होता. आईने न बोलता त्याच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतले. एक, दोन, दहा तांबे. पंधरा-वीस मिनिटांनी तो उठून खाऊच्या रांगेत उभा राहिला. धोका पत्करणे आणि धोक्याची तयारी करून तो पत्करणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या दिवशी आमच्या साऱ्या शाळेने पाहिले. अशा मुलाला वाढविण्याचे सारे शास्त्र त्या अंतरात आहे, असे आम्हांस वाटते.

उष्णतेखालोखालचा प्रश्न दातांचा. दात नाहीत म्हणजे चावणे नाही, ही गोष्ट कोणालाही कळते. पण भाषेच्या शिक्षकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या व्याकरणाने त, थ, द, ध, न यांना दंत्य वर्ण म्हटले आहे. मराठीत तर ‘चमचा’ आणि ‘जहाज’ यांतील च-ज चे खास दंततालव्य उच्चार आहेत. समोरचे दातच नसलेल्या मुलाने हे वर्ण कोठे टेकवावेत? त्याचे बोलणे बोबडे वाटते, आणि बोबडेपणा हा मंदपणा समजला जातो. यावर उपाय आहे. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून काढता-घालता येणारी कवळी बसविता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. आणि वाढ पुरी झाल्यावर हाडात रोवलेले पक्के दात बसविता येतात. खर्च मोठा आणि पुन्हा पुन्हा येणारा आहे, ही अडचण खरी. आमच्या या विद्यार्थ्याला दुसरीत असताना पहिली कवळी मिळाली. त्याने पहिला आठवडा ती काढून मुलींना भिवविण्यात घालविला, आणि दुसऱ्या आठवड्यात तो वाचनाच्या तासाला प्रथमच आपण होऊन उभा राहिला.

घरात त्याला एक धाकटी बहीण आहे. तिला केस, दात, घाम सर्व व्यवस्थित आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी घरात कुजबुज आहे. ती वाहक असेल काय? असल्यास लग्नाच्या वेळी सांगावे काय? आमचे मत आम्ही त्या घरात स्पष्ट सांगितले आहे. तपासणी करून घ्यावी की नाही, हे ती मोठी झाल्यावर तिने ठरवावे. परंतु माहिती तिच्यापासून लपवू नये. जनुकीय समुपदेशन करणारे डॉक्टर आज मोठ्या शहरांतून आहेत. कुटुंबातील दोष नेमका कोणता, हे एकदा कळले असले, तर पुढच्या गर्भाच्या बाबतीतही निदान होऊ शकते. लपविलेली गोष्ट लग्नानंतर कळली, की तो विकार राहत नाही, फसवणूक होते. आणि तिची शिक्षा पुन्हा त्या मुलीलाच भोगावी लागते.

बाहेरच्या जगात या मुलांसाठी काय चालले आहे, हेही वाचकांस सांगितले पाहिजे. १९८१ साली अमेरिकेत मेरी के रिक्टर या मातेने, स्वतःच्या मुलाला हा विकार असल्यामुळे, अशा कुटुंबांची एक राष्ट्रीय संस्था उभारली. ती आजही काम करते. त्याच दशकात अंतराळवीरांच्या शीतवस्त्रांच्या धर्तीवर या मुलांसाठी थंड द्रव खेळविणारी जाकिटे तयार झाली. आणि २०१८ साली जर्मनीतील एर्लांगेन येथील डॉक्टर होल्म श्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. आईच्या पोटात असलेल्या जुळ्या मुलग्यांना हा विकार आहे हे कळल्यावर त्यांनी गर्भजलात ते उणे असलेले प्रथिन सुईने सोडले. जन्मल्यावर त्या मुलांना घाम येऊ लागला. घर्मग्रंथी जन्मापूर्वीच घडतात. म्हणून तो निरोप योग्य वेळी पोहोचणे हेच यातले मर्म होते. त्यानंतर या उपचाराच्या अधिक मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. आज जन्माला आलेल्या मुलाला त्याचा लाभ नाही, ही गोष्ट कठोर असली तरी खरी आहे. या मुलांच्या वाट्याला तूर्त ओला पंचाच आहे. परंतु तो पुरेसा आहे, जर सर्वांनी मिळून ओला ठेवला तर.

कायद्याची स्थिती अर्धी दिलासा देणारी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले; त्यांत या विकाराचे नाव नाही. दुसरीकडे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत जागा दिली आणि शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला. आपल्या वडोदऱ्याला हे नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. मूल शाळेत आणणे हे राज्याचे कर्तव्य, ही कल्पना या भूमीत शंभर वर्षांहून जुनी आहे. आलेले मूल भर उन्हाळ्यात शाळेत टिकविणे, हे त्याच कर्तव्याचे पुढचे पाऊल होय. २०१० च्या मे महिन्यातील भयंकर उष्णतेच्या लाटेनंतर शेजारच्या अहमदाबादने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची शहरव्यापी योजना आखली. अशा योजनांत वृद्ध, तान्ही मुले, उन्हात राबणारे मजूर यांचा विचार होतो, आणि तो झालाच पाहिजे. ज्यांना घामच येत नाही अशा मोजक्या मुलांची नोंद शाळेच्या पटावरून सहज करता येईल. प्रत्येक मुख्याध्यापकाने ती करावी, अशी आमची सूचना आहे.

शेजारीपाजारी, नातेवाईक यांनी काय करावे, असे कोणी विचारील. अशा मुलाच्या आईला उपाय विचारू नयेत आणि सुचवूही नयेत. ते तिने सर्व ऐकलेले असतात. वाढदिवसाला त्याला बोलवावे, पण दुपारी चारला न बोलविता सात वाजता बोलवावे. लग्नकार्यात त्याला मांडवाच्या पत्र्याखाली न बसविता पंख्याजवळ बसवावे. आणि उन्हातून दारी आलेल्याला गूळ-पाणी देण्याची आपली जुनी रीत आहे, ती या मुलासाठी थोडी वाढवावी. एक तांब्या पिण्यास द्यावा, दुसरा डोक्यावर ओतण्यास; आणि फरशी ओली झाली म्हणून कपाळाला आठी घालू नये.